पावसाआधीचे पाच हजार

आपल्याकडे सार्वजनिक पैशाविषयी जी चर्चा होते ती बहुधा कोटींच्या भाषेत होते. धरण, महामार्ग, कर्जमाफी असे विषय निघाले की विधिमंडळापासून चावडीपर्यंत सर्वांची मते तयार असतात, आणि ते एका अर्थी योग्यही आहे, कारण मोठ्या रकमेत चूकही मोठी होते. परंतु याच राज्यकारभाराच्या दफ्तरात काही रकमा इतक्या अल्प असतात की त्यांच्याविषयी मत बनविण्याची तसदी कोणी घेत नाही. त्या मंजूर होतात, वर्ग होतात, खर्ची पडतात, मार्चअखेरीस त्यांचे उपयोगिता प्रमाणपत्र वरच्या कचेरीत रुजू होते आणि पुढल्या वर्षी तोच शिरस्ता पुन्हा सुरू होतो. शाळांतील पर्यावरण मंडळांना, म्हणजे परिपत्रकांत ज्यांचा उल्लेख 'इको क्लब' असा होतो त्यांना, मिळणारे वार्षिक अनुदान हे अशा दुर्लक्षित रकमांपैकी एक होय. त्याच्याविषयी आज लिहावयाचे आहे. आणि वाचकाचा गैरसमज होऊ नये म्हणून आरंभीच सांगून टाकतो की ही रक्कम वाढवा, अशी मागणी मला करावयाची नाही.

पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे आपल्या संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने लिहिले गेले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले, आणि अंमलबजावणी रेंगाळते आहे असे पाहून डिसेंबर २००३ मध्ये राज्यांना पुन्हा बजावले. न्यायालयाच्या या तगाद्यातून पाठ्यपुस्तके आणि अभ्यासक्रम निर्माण झाले. त्याला समांतर अशी दुसरी वाट केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये घातली, ती राष्ट्रीय हरित सेनेची. नाव सैनिकी थाटाचे असले तरी सरंजाम अगदी साधा होता: शाळेत तीस-चाळीस विद्यार्थ्यांचे एक मंडळ, त्यावर एक प्रभारी शिक्षक, आणि वर्षाकाठी २,५०० रुपये, जे पुढे ५,००० झाले. महाराष्ट्रात तिची सूत्रे सामाजिक वनीकरण विभागाकडे आली आणि देशभरात एक लाखाहून अधिक शाळा तिच्यात सामील झाल्या. पुढे २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली तेव्हा युवा मंडळ आणि पर्यावरण मंडळ यांच्यासाठी प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिक शाळेला १५,००० आणि माध्यमिक शाळेला २५,००० रुपये अशी कमाल मर्यादा ठरली. ही मर्यादा आहे, हमी नव्हे, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

आता प्रश्न असा की एवढ्याशा रकमेत मुलांच्या हातून काही घडू शकते काय? माझे उत्तर असे आहे की पुष्कळ काही घडू शकते, मात्र ती रक्कम मृगाच्या आधी शाळेच्या हाती पडली पाहिजे. आणि नेमके हेच आपल्या व्यवस्थेत घडत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलात सुरू होते, वार्षिक आराखड्यांना मंजुरी मिळता मिळता पावसाळा निम्मा सरतो, केंद्राचा हप्ता राज्याकडे, राज्याचा जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याचा शाळेकडे असा प्रवास करीत निधी जेव्हा पोहोचतो तेव्हा पुष्कळदा माघ उलटून गेलेला असतो, आणि मग फाल्गुनाच्या रखरखीत उन्हात, डोंगर पिवळे पडले असता, ओढे आटले असता आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता मुख्याध्यापकांना निरोप येतो की अमुक तारखेच्या आत रक्कम खर्ची टाका, पावत्या जोडा आणि छायाचित्रे पाठवा. पूर्वी निदान रक्कम शाळेच्या खात्यावर पडून राहू शकत असे. आता शून्य शिल्लकीच्या खात्यावर केवळ खर्चाची मर्यादा उपलब्ध होते आणि ३१ मार्च उलटला की तीही लोप पावते. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने ही सुधारणा चांगली असेल, तीत शिस्त आहे आणि पैसा बँकेत निष्क्रिय राहत नाही हेही खरे; परंतु ज्या विषयाचे सारे साहित्य पाऊस, पालवी, पाखरे आणि पाणी हे आहे, त्या विषयाला वर्षातील सर्वांत निष्प्राण पंधरवडा नेमून देण्यात कोणते शहाणपण आहे, हे समजत नाही. अशा वेळी मुख्याध्यापक काय करणार? तो फलक रंगवून घेतो, चार कुंड्या आणतो, दोन कचरापेट्या आणतो, आणि निबंधस्पर्धेची बक्षिसे वाटतो. त्याला दोष देण्याचे धाडस माझ्याच्याने होत नाही.

या ठिकाणी इतिहासातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पेशवे दफ्तरातील कागदांवर जो शुहूर सन आढळतो त्याला मृगसाल असेही म्हणत, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते वर्ष पालटत असे. वसूल आणि जमाखर्च यांचे चक्र पावसाच्या चक्राशी जोडलेले होते, कारण राज्याचा सारा पैसा शेवटी शेतातून यावयाचा होता. इंग्रजी अमलातही १८६७ पूर्वी हिंदुस्थान सरकारचे वर्ष मे महिन्यापासून धरले जाई; त्या वर्षी ते विलायतेच्या हिशेबाशी जुळते करण्यासाठी एप्रिलवर आणण्यात आले, आणि तेव्हापासून आपली सर्व खाती लंडनच्या वसंत ऋतूप्रमाणे कूस पालटतात. आर्थिक वर्ष बदलावे की नाही हा अर्थशास्त्रज्ञांचा वाद आहे, त्यात मी पडत नाही. माझे म्हणणे एवढेच की सबंध राज्याची किर्द न बदलताही एका लहानशा शीर्षाखालील पैसा ज्येष्ठात पोहोचविता येणे अशक्य नसावे. गणवेश आणि पाठ्यपुस्तके शाळेच्या पहिल्या दिवशी हाती पडावीत म्हणून हीच यंत्रणा धावपळ करतेच की नाही?

रक्कम वेळेवर पोहोचली तर काय होईल याचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासाठी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यातील एखादी जिल्हा परिषदेची शाळा घेऊ. याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेवर महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माणदेशात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन थांबतो. हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात मुलाने वाचलेले असते आणि पर्जन्यछाया हा शब्द त्याने परीक्षेपुरता पाठही केलेला असतो. परंतु 'पाचशे मिलिमीटर' म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या शिक्षकालाही बहुधा नसते, आणि प्रामाणिकपणे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना असते? आता या शाळेने जूनच्या आरंभी एक पर्जन्यमापक मांडला, विकतचा किंवा नसल्यास सरळ बाजूंच्या बाटलीचा आणि नरसाळ्याचा घरी केलेला, आणि वेधशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता, शाळा दहाला भरत असली तरी शेजारी राहणाऱ्या एका मुलीने येऊन, त्यातील पाण्याची उंची वहीत टिपण्याचा परिपाठ ठेवला, तर श्रावण येईतो त्या वर्गाला एक साधे सत्य कळून चुकते: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे कळले की पुढचे गणित मुले आपण होऊन करतात. शाळेचे छप्पर मोजपट्टीने मोजले, ते १०० चौरस मीटर भरले, तर वर्षाच्या ५०० मिलिमीटरांत त्यावर ५०,००० लिटर पाणी पडले. त्यातील पाचवा हिस्सा उडून, सांडून, पहिल्या पावसाची घाण धुण्यात गेला असे धरले तरी ४०,००० लिटर उरले. आणि साठ मुलांना दिवसाला प्रत्येकी पाच लिटर याप्रमाणे ते चार महिन्यांहून अधिक पुरले असते. ज्या गावात फाल्गुनापासून टँकरची वाट पाहिली जाते त्या गावातील सहावीच्या वर्गाने हा हिशेब फळ्यावर मांडला, तर तो हिशेब त्या दिवशी किती घरांत पोहोचेल, याची कल्पना वाचकाने करावी.

याच वहीत दुसरी नोंद विहिरीची. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पंधरवड्याला मोजावयाची. पावसाळा सरल्यावर ती कोठे होती, दिवाळीनंतर रब्बीचे पाणी सुरू झाल्यावर किती उतरली, आणि उसाच्या मळ्याशेजारची विहीर आणि ज्वारीच्या शेताशेजारची विहीर यांच्यात काय फरक पडला, हे सारे एका दोरीवरच्या गाठींनी कळते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या ठरावीक निरीक्षण-विहिरींत हेच शास्त्रीय काटेकोरपणाने करते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने तर पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद दरवर्षी मांडून त्यावरून कोणती पिके घ्यावयाची हे ठरविण्याची रीत पाडली आहे. त्या रीतीचे कौतुक करणारे धडे आपण मुलांना वाचावयास देतो, पण दोरी आणि दगड देत नाही. ओढ्याच्या पाण्यात चतुराच्या अळ्या सापडतात की केवळ लाल जंत, यावरून ते पाणी कोणत्या प्रतीचे हे साधारणपणे ओळखता येते. त्याला एक जाळी, एक पांढरी परात आणि दोन भिंगे लागतात. बहावा कोणत्या आठवड्यात फुलला, आंब्याला मोहोर कधी धरला, निंबाची पालवी कधी फुटली, याला तर वही आणि डोळे यांखेरीज काहीच लागत नाही. पाच हजारांत हे सगळे बसते आणि एसटीच्या भाड्यापुरते काही उरतेही, ज्यात मुलांना जवळच्या तलावावर एक दिवस नेता येईल.

परंतु आपल्या व्यवस्थेला वही नको असते, तिला संख्या हवी असते. आणि पर्यावरणाच्या बाबतीत सर्वांत सोयीची संख्या म्हणजे लावलेल्या रोपांची. २०१६ पासून चार वर्षे महाराष्ट्रात शासनाने वृक्षलागवडीची जी मोहीम चालविली तिचे उद्दिष्ट पहिल्या वर्षी २ कोटींचे होते, ते ४ कोटी, १३ कोटी असे चढत २०१९ मध्ये ३३ कोटींवर जाऊन पोहोचले, आणि त्यानंतर किती झाडे जगली या प्रश्नावर विधिमंडळात एवढी खडाजंगी झाली की चौकशीसाठी आमदारांची समिती नेमावी लागली. २०२४ च्या जागतिक पर्यावरण दिनी 'एक पेड माँ के नाम' हे अभियान सुरू झाले तेव्हा शाळांकडून रोपासह विद्यार्थ्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढविण्याची अपेक्षा ठेवण्यात आली. झाडे लावण्यास माझा विरोध असण्याचे कारण नाही, कोणाचाच नसावा. हरकत आहे ती एवढीच की रोप लावल्याचे छायाचित्र काढता येते, आणि ते जगल्याचे छायाचित्र कोणी मागत नाही. ज्या गोष्टीचा अहवाल मागितला जातो तीच गोष्ट शाळा करते. शिक्षक आळशी आहेत म्हणून हे घडत नाही, ते आज्ञाधारक आहेत म्हणून घडते. तेव्हा अहवालाच्या नमुन्यातील रकाने बदलणे हा या प्रकरणी अनुदानवाढीपेक्षा अधिक परिणामकारक उपाय आहे आणि त्याला एक छदामही लागत नाही. 'लावलेल्या रोपांची संख्या' या रकान्याच्या जागी 'गेल्या वर्षी लावलेल्यांपैकी आज जिवंत असलेली, त्यांची उंची, आणि मेलेल्यांच्या मृत्यूचे मुलांनी शोधलेले कारण' असा रकाना छापला, तर बकरीने खाल्ले, सुटीत पाणी घातले नाही, खड्डा मुरमात होता, रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची मुळे पिशवीतच गुंडाळली गेली होती अशी जी कारणे कागदावर येतील ती वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही धड्याहून मोलाची ठरतील, आणि सामाजिक वनीकरण विभागालाही ती वाचण्यासारखी असतील.

पाठ्यपुस्तकांविषयी मला तक्रार नाही. तिसरी ते पाचवीच्या 'परिसर अभ्यास' या पुस्तकांची मांडणी पुष्कळच चांगली आहे, आणि नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषय आल्याने निदान पाण्याचा विचार वेळापत्रकात तरी आला. पण परीक्षेच्या चौकटीत आलेला कोणताही विषय आपल्याकडे किती चपळाईने निर्जीव होतो याचा मासला पाहावयाचा असेल तर अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयाच्या प्रकल्पवह्यांकडे पाहावे. शालेय साहित्याच्या दुकानात त्या तयार मिळतात, ओढ्याचे प्रदूषण आणि गावातील जैवविविधता यांचे 'निरीक्षण' त्यांत छापलेले असते, आणि विद्यार्थ्याने फक्त आपले नाव व तुकडी घालावयाची असते. मुंबईच्या उपनगरातील मुलाने आणि गडचिरोलीच्या मुलाने एकच ओढा पाहिला असे त्यावरून सिद्ध होते!

वास्तविक हाताने शिकण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमची रूपरेषा ठरली तेव्हा हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा विचार गांधीजींनी मांडला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला जे काम आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, त्यात तर गुरे राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत येता येत नाही असे दिसताच शाळाच कुरणात नेण्याची कुरणशाळा नावाची कल्पना निघाली. पाने, बिया, खडे, पाखरांची पिसे हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. आज आपण ज्याला कृतियुक्त पर्यावरण शिक्षण असे भारदस्त नाव देतो ते डहाणू तालुक्यातील त्या माळावर फारसे नाव न घेता चालत होते. अर्थात ताराबाई आणि अनुताई यांच्यासारखी माणसे प्रत्येक केंद्रात असतील असे गृहीत धरून सरकारी योजना आखता येत नाहीत. सामान्य शिक्षकाला, त्याच्या सामान्य उत्साहानिशी, हे काम करता आले पाहिजे.

सामान्य शिक्षकांच्या बळावर असे काम दीर्घकाळ चालू शकते याचा पुरावा शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा उच्च प्राथमिक शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे मित्रमंडळ केंद्र या संस्थांनी विज्ञानशिक्षणाचा जो प्रयोग सुरू केला, तो १९७८ मध्ये सबंध जिल्ह्यात गेला, १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला, आणि अनेक जिल्ह्यांत पसरून तीस वर्षे टिकला. 'बाल वैज्ञानिक' या कार्यपुस्तिकांत उत्तरे छापलेली नसत. मुलांनी शेतात, नाल्याकाठी, भिंगाखाली पाहून ती काढावयाची, आणि अडले तर सवालीराम नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्र लिहावयाचे. या प्रयोगाचा मर्मभाग मला वाटतो तो त्याच्या तत्त्वज्ञानात नाही, तर दोन अगदी रुक्ष व्यवस्थांत आहे: तुटलेले, संपलेले साहित्य दरवर्षी भरून मिळत असे, आणि शिक्षक दरमहा एकत्र बसून आपल्या अडचणींची चर्चा करीत असत. २००२ मध्ये तेथील शासनाने तो बंद केला, ती कथा दुःखद आहे आणि या लेखाच्या कक्षेबाहेरची आहे. केरळात 'मातृभूमी' या वृत्तपत्राने २००९ पासून शाळांसाठी 'सीड' नावाचा उपक्रम चालविला, आणि झाडांची पालवी, फुले व फळे यांची दर आठवड्याला नोंद करणाऱ्या 'सीझनवॉच' या राष्ट्रव्यापी उपक्रमातील नोंदींचा सर्वांत मोठा वाटा आज केरळच्या शाळांतून येतो. हवामान बदलते आहे असे आपण सारेच म्हणतो. त्या मुलांजवळ तारखा आहेत. मराठी वृत्तपत्रांनीही या उदाहरणाकडे, ज्या वृत्तपत्रात हे लिहीत आहे तेही धरून, जरा लक्ष द्यावे.

येथपर्यंत जे लिहिले त्याला एक काटेरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुले खरोखर पाहू लागली, तर जे दिसते ते नेहमीच सोयीचे नसते. ओढ्यातील मासे कोणत्या महिन्यात मेले आणि त्या महिन्यात वरच्या अंगाला कोणत्या कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता, गावाच्या कोणत्या विहिरीत मैलापाणी झिरपते, गायरानावर कोणाचे कुंपण दरवर्षी चार हात पुढे सरकते, या गोष्टी सातवीच्या मुलीच्या वहीत दिनांकवार उतरल्या की ती वही निरुपद्रवी राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत बसणारे पालक याच गावातले, सरपंच याच गावातले, आणि बदलीची टांगती तलवार मुख्याध्यापकाच्याच डोक्यावर. निबंधस्पर्धा आणि घोषणांची प्रभातफेरी आपल्याकडे एवढी लोकप्रिय का, याचे अर्धे उत्तर येथे आहे: 'झाडे लावा, झाडे जगवा' या घोषणेने कोणाचेही नाव येत नाही. प्लास्टिकची पिशवी न वापरण्याची शपथ मुलांकडून घेणे आणि नदीत मळी सोडणाऱ्याला मोकळे ठेवणे, यात आपण मोठ्या माणसांनी आपले ओझे लहानांच्या खांद्यावर दिले आहे, हे त्यांना कळत नाही असे समजू नये.

यावर उपाय म्हणून मुलांना आंदोलनात उतरवावे असे मी म्हणणार नाही. शाळा ही चळवळीची चौकी नव्हे. परंतु कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि त्यांपैकी एकीत, म्हणजे उदाहरणार्थ २ ऑक्टोबरच्या सभेत, शाळेने पाऊस, विहिरी आणि ओढा यांच्या नोंदी केवळ वाचून दाखवाव्यात, त्यावर टीका न करता आणि निष्कर्ष न काढता, एवढा नियम करता येईल. सभेच्या कार्यवृत्तात त्या नोंदी दाखल झाल्या की त्या सार्वजनिक होतात, आणि त्यांची जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहत नाही. निष्कर्ष काढण्याचे काम प्रौढांचे आहे. ते त्यांनी करावे किंवा करू नये.

शिक्षक मंडळी येथे हात वर करतील, आणि त्यांचा आक्षेप मी सर्वांत वजनदार मानतो. जनगणना, मतदारयाद्या, नाना सर्वेक्षणे, शालेय पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, आणि भ्रमणध्वनीवर येणारी 'तातडीची' माहितीपत्रके यांत ज्याचा दिवस सरतो, त्यातही ज्या शाळेत दोनच शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, त्या शिक्षकावर आणखी एक वही लादणे म्हणजे त्याचा अंत पाहणे आहे. हे खरे आहे; म्हणूनच मी नवी योजना मागत नाही. जी आहे तिच्यातले कमी करावे, असे म्हणतो. एका वर्षात एकच विषय असावा, पाणी किंवा झाड किंवा कचरा. दिनविशेषांचे अहवाल रद्द व्हावेत. छायाचित्रे चढविण्याची सक्ती थांबावी, आणि त्यांच्या बदल्यात वर्षाअखेरी मुलांच्या हस्ताक्षरातील ती एक वही केंद्रप्रमुखाने पाहून सही करावी. दहा-बारा शाळांचे केंद्र असते, तेथे शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातील एक तास या वह्यांना दिला तर होशंगाबादच्या मासिक बैठकीचे काम थोड्याफार अंशाने साधेल, आणि पटसंख्या वीसच्या खाली असलेल्या शाळांना भिंगे, तापमापक व जाळी केंद्रातून आळीपाळीने नेता येतील.

दुसरा आक्षेप पैशाच्या अफरातफरीचा. शिक्षकाला खर्चाचे स्वातंत्र्य दिले तर गैरवापर होईल, तेव्हा जिल्हा पातळीवर किंवा त्याहूनही वर एकगठ्ठा खरेदी करून प्रत्येक शाळेला तयार संच पाठवावा, असे सुचविणारे अधिकारी असतात आणि त्यांचा हेतू शुद्धही असू शकतो. मात्र प्रयोगशाळेच्या कपाटांत वेष्टणही न काढलेले असे संच ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या सूचनेचे भवितव्य सांगावयास नको. कोकणातील शाळेला रोपांभोवती लावण्याची जाळी हवी असेल, मेळघाटातील शाळेला बियांसाठी बरण्या हव्या असतील, धारावीतील शाळेला गांडूळखताचा पिंप हवा असेल. मुंबईत किंवा पुण्यात बसून हे ठरविता येत नाही. शिवाय पाच हजारांच्या रकमेला एक अजोड गुण आहे, तो असा की तीत कोणत्याही ठेकेदाराला रस नसतो. राज्यातल्या सगळ्या शाळांची ती रक्कम एका निविदेत गोळा केली की तो रस तत्काळ निर्माण होतो. एखाद्या मुख्याध्यापकाने पाचशे रुपयांची पावती फुगविली तर ती केंद्रप्रमुखाला दिसते, आणि नाही दिसली तरी झालेली हानी पाचशे रुपयांचीच असते.

तेव्हा मागणी लहान आहे. मंजूर मर्यादेपैकी निदान निम्मी रक्कम मे महिन्यातच शाळेला वापरता यावी, म्हणजे पर्जन्यमापक, रोपे आणि अवजारे शाळा उघडण्यापूर्वी दाखल होतील; उरलेली दिवाळीनंतर यावी; ३१ मार्चला न खर्चलेला शेष, निदान दहा टक्क्यांपर्यंत, पुढल्या वर्षी ओढून नेण्यास परवानगी असावी, कारण उन्हाळ्याच्या सुटीत रोपांना पाणी घालणाऱ्याला मजुरी द्यावी लागते आणि ती नेमकी मार्चनंतर द्यावी लागते. समग्र शिक्षेचे पुढील वर्षाचे आराखडे हिवाळ्यात जिल्ह्यांकडून मागविले जातात आणि वसंतात दिल्लीला मंजुरीसाठी जातात. ते तयार होत असताना शिक्षण विभाग आणि सामाजिक वनीकरण विभाग यांनी एका मेजाभोवती बसून अहवालाचा एकच नमुना ठरविला, तर शाळेला एकाच कामाचे दोन कागद दोन कचेऱ्यांना पाठवावे लागणार नाहीत. तो नमुना एका पानाहून मोठा नसावा, आणि त्यातील किमान निम्मी जागा मुलांनी भरावयाची असावी.